गुप्त तप

सुरत, १८ जुलै

सरयूबेन, जय जिनेंद्र.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कुरियरवाल्यावर तरी तुझा राग नसेल. फाडायचं असलं तर वाचून मग फाड, एवढंच मागणं.

नणंदेची आठवण आली म्हणून वहिनीने पत्र लिहिलं, असं समजून डोक्यावर चढून बसू नकोस. आठवण येते, ती येतेच. पण मला लिहायला बसवलं ते ख्याती नावाच्या एका मुलीने. दवाखान्यात आहाराचं बघते. पार्थिवपेक्षा लहान असेल, पण बोलते मात्र माझ्या सासूसारखी, आपल्या बांसारखी. म्हणाली, "आंटी, चार वाजले की तुमचा हात डब्याकडे जातो ना? मग त्या हाताला दुसरं काम द्या. विणा, भरतकाम करा, नाहीतर कोणाला पत्र लिहा." माझं भरतकाम तुला माहीतच आहे. लग्न होऊन आले तेव्हा बांनी मला उशीचा अभ्रा भरायला दिला होता. मोर तू काढलास आणि शाबासकी मी घेतली. तेव्हा राहिलं पत्रच.

आमची दुपार कशी असते ते तू कोचीला गेल्यापासून विसरली असशील. बा माळ घेऊन बसतात आणि माळेसकट झोपतात. तुझे मोटाभाई मार्केटात. सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा चोविहाराचा डबा भरून तयार असतो, तो न्यायला माणूस पाचला येतो. पार्थिव आणि सूनबाई बंगळूरला. घरात घड्याळ आणि मी. भूक म्हणशील तर मुळीच नसते. पोट गच्च भरलेलं असतं. तरी पाय आपोआप स्वयंपाकघरात जातात आणि हात शेव-चिवड्याच्या, चवाणूच्या डब्यावर. रात्रीची भीती नाही, सूर्य मावळला की आपल्या घरात पाण्याचा थेंबही नाही. पण ही दुपार मला खाते, म्हणून मी चवाणू खाते.

तुला वाटेल, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, आता हिला आहाराची बाई कशाला? सांगेन. आज धीर होत नाही.

रसपुरीच्या दिवशी तू भरवलेला घास टाकून मी बारा माणसांसमोर पानावरून उठून गेले. त्यावर तू म्हणालीस, "बारीक काय झाली, नणंदेच्या हातचं गोड लागेना हिला." मी आतून ऐकलं. नळ सोडलेला होता, तरी ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी 'येते' न म्हणता तू गाडीत बसलीस. सरयू, तीस वर्षांत तू माझ्याशी इतकी कधी रुसली नव्हतीस. हे मला फार लागलंय.

साडेचार झाले. डबा उघडला नाही. कळव.

तुझी कुंजभाभी


सुरत, २५ जुलै

सरयूबेन,

उत्तर नाही. बरं. शेवटी बांचीच मुलगी तू.

आता जे लिहिते ते बसून वाच. खडेबिडे काही नव्हते. मागच्या वर्षी अमदावादला जाऊन मी पोट लहान करून घेतलं. दुर्बिणीने आत शिरून पोटाचा मोठा भाग कापून काढून टाकतात. जेमतेम केळ्याएवढं उरलंय. तुझे मोटाभाई आणि पार्थिव, दोघांनाच माहीत. आता तू तिसरी.

असं का केलं म्हणशील. गुडघे, साखर, दम, ही कारणं होतीच. पण खरं कारण पालिताण्याची यात्रा. डोंगर चढणं मला शक्य नव्हतं, म्हणून खांद्यावरून नेतात ती डोळी करायला गेलो. डोळीवाल्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. दोघांच्या जागी चौघे उभे राहिले, तरी त्यातला एक म्हातारा म्हणाला, "बेन, दादाला इथूनच हात जोडा. देव आहे, वरून बघतो." सगळे हसले. मीही हसले. तुला माझं हसणं माहीत आहे, सर्वांत मोठ्याने मीच हसते. घरी आल्यावर मी तुझ्या भावाला सांगितलं, मला डॉक्टरकडे ने.

आणि बांना का नाही सांगितलं? बांना काय सांगू गं? ज्या बाईने मासक्षमण केलं, अख्खा महिना उकळलेल्या पाण्यावर काढला आणि तिसाव्या दिवशीही देरासरला दर्शनाला पायी गेली, तिला मी सांगू की तुम्ही मनाने केलंत ते मी भूल घेऊन करवून घेतलं? टीव्हीवर कोणाच्या तरी अशा ऑपरेशनची बातमी आली होती, तेव्हा बा म्हणाल्या होत्या, "हात आवरत नाही म्हणून पोट कापून घेतात. उद्या जीभ आवरली नाही तर काय कापतील?" झालं. माझ्या तोंडाला कुलूप बसलं.

तर तुझा घास. पुरी मोठी होती, रसात भिजलेली, आणि तू "माझ्या गळ्याची शपथ" म्हणून ती कोंबलीस. आपल्या घरात शपथ घातल्यावर नाही म्हणायची सोय आहे का? तो घास छातीत अडकला. खाली जाईना, वर येईना. न्हाणीघरात नळ सोडून मी ओकत होते आणि बाहेर तू रडत होतीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तुझ्या हातचं मला नको झालं असं कधी मनात आणू नकोस. तुझ्या हातचं खाऊनच तर मी एवढी झाले होते.

बांना कळू देऊ नकोस.

कुंज


सुरत, ३ ऑगस्ट

सरयूबेन,

तुझं पार्सल आलं. मी चिठ्ठीसाठी पिशवी उलटी करून झटकली. आतून निघाले नुसते केळ्याचे वेफर, खोबरेल तेलातले, दोन मोठ्या पिशव्या. हे पहिलं पत्र वाचून पाठवलेस की दुसरं? पहिलं वाचून असतील तर हे प्रेम. दुसरं वाचून असतील तर सूड. काही असो, राग थोडा उतरला असं मी धरून चालते.

आता इथली गंमत ऐक. गंमत म्हणते खरी, पण माझी झोप उडाली आहे.

आपल्या उपाश्रयात या चातुर्मासात ज्या साध्वीजी आल्या आहेत, त्यांनी परवा ऊणोदरीवर व्याख्यान दिलं. म्हणाल्या, ऊणोदरी म्हणजे भूक असताना, ताट समोर असताना, चार घास कमी खाऊन उठणं. हे तप उपवासापेक्षा कठीण, कारण उपवासात ताट दिसत नाही. मी मान डोलवत होते. मला काय माहीत की पुढच्या रांगेतून मृदुलाबेन मान वळवून माझ्याकडेच बघताहेत! मृदुलाबेन म्हणजे आपल्या महिला मंडळाच्या प्रमुख, चष्मा गळ्यात अडकवणाऱ्या.

झालं होतं असं. गेल्या महिन्यात आपल्या जैन संघाचं जेवण होतं. मी दोन चमचे मूग आणि अर्धा ढोकळा घेतला आणि हात जोडले. ताटात टाकायचं नाही हा आपला नियम, म्हणून घेतानाच कमी घेते. मग ताट धुऊन ते पाणी प्यायचं. पण जेवणावर लगेच पाणी मला चालत नाही, डॉक्टरांनी अर्धा तास थांबायला सांगितलंय. म्हणून मी धुतलेलं ताट मांडीवर घेऊन, डोळे मिटून, गप बसून राहिले. मृदुलाबेनना वाटलं मी ध्यान करते!

व्याख्यान संपल्यावर त्या माझ्यासमोर आल्या आणि चक्क वाकून म्हणाल्या, "कुंजबेन, सुखसाता?" शरीर सुखात आहे ना, असं तर तपस्व्याला विचारतात! मी मागे वळून बघितलं, माझ्या मागे कोणी आहे का. मागे खांब होता.

"मृदुलाबेन, मी कसलंही तप करत नाही."

"असंच म्हणायचं असतं," त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. "मी वर्षभर बघतेय. चार घास खाता आणि हात जोडता. शरीर निम्मं झालं, आणि तोंडातून एक शब्द नाही."

"अहो, खरंच नाही!"

"गुप्त तप!" त्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तप करावं तर असं. सांगत फिरायचं नाही."

जितकं मी नाही म्हणत गेले तितक्या त्या हात जोडत गेल्या. शेवटी मी पायात चप्पल अडकवली आणि पळाले. आता सगळ्या म्हणताहेत, बघा, स्तुती ऐकवत नाही तिला.

चार केव्हाच वाजून गेले. वेफर माळ्यावर ठेवलेत. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही.

कुंज


सुरत, १२ ऑगस्ट

सरयूबेन,

मधे पत्र नाही, म्हणजे हाताने दुसरं काम केलं. ओळख.

तुझा मेसेज मिळाला. "वेफर कामवालीला दे." दोन महिन्यांनी तुझे तीन शब्द, तेही वेफरबद्दल! तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचले. म्हणजे दुसरं पत्र पोचलं.

वेफर दिले असं समज.

कुंज


सुरत, १९ ऑगस्ट

सरयूबेन,

ख्यातीकडे जाऊन आले. काट्यावर उभं केलं. काटा वर सरकलाय. थोडाच, पण वरच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आंटी, पोट लहान झालं, पण डोक्यातल्या भुकेचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही. पोट तुम्हाला एकदम दहा पुऱ्या खाऊ देणार नाही. पण चवाणू, वेफर, बिस्किट थोडं थोडं दिवसभर सरकत राहिलं तर ते अडवणार नाही."

मग तिने एक परीक्षा शिकवली, तुला सांगते, तुझ्याही कामाची आहे. पोटाची भूक हळूहळू येते आणि मुगालाही हो म्हणते. मनाची भूक दार ढकलून येते आणि तिला चवाणूच हवं असतं. तर हात डब्याकडे गेला की स्वतःला विचारायचं, "मूग खाणार?" नको असं उत्तर आलं तर ती पोटाची नव्हे. मग उठायचं, जिना उतरून चढायचा, कोणाशी बोलायचं, काहीही, ती लाट जाईपर्यंत. आता रोज चारला मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून बोलते. "मूग खाणार?" "नको." "मग चल नीघ." परवा बांनी ऐकलं आणि विचारलं, "कोण आलंय गं?"

कंटाळा आला तर हे जमतं. पण काळजी असली की नाही जमत, आणि काळजीने आता दार वाजवलंय. संघाने ठरवलं आहे, पर्युषणानंतर तपस्व्यांच्या वरघोड्यात, मिरवणुकीत, मला बग्गीत बसवायचं. आठ उपवासांची अठ्ठाई करणारी पोरं, सोळा उपवासवाल्या दोघी, आणि मी. तिलक, श्रीफळ, शाल, पुढे बँड. खऱ्या उपाशी माणसांच्या रांगेत मी, चार वाजता स्टुलावर चढणारी.

(होय, वेफर दिले नव्हते. एक पिशवी दिली. एक आहे.)

तुझ्या मोटाभाईंना सांगितलं. ते हिशेब करत होते. म्हणाले, "बसून घे ना. अर्ध्या तासाचा तर प्रश्न." ह्या माणसाबरोबर मी तीस वर्षं काढली, सरयू. तपाची खरी बग्गी त्यासाठी यायला हवी.

कुंज


सुरत, २८ ऑगस्ट

सरयूबेन,

आज जे लिहिते ते तुझ्याशिवाय कोणाला लिहू शकत नाही.

काल मृदुलाबेन दोघींना घेऊन घरी आल्या, बांना रीतसर विचारायला. बांचा चेहरा तू बघायला हवा होतास. हल्ली त्या फारशा बोलत नाहीत, दिवस दिवस माळ आणि खिडकी. पण काल ताठ बसल्या. म्हणाल्या, "मला कधी बोलली नाही ही. मी रोज म्हणायचे, अजून घे, अजून घे, आणि ही ताटावर हात धरायची. मला वाटायचं माझा स्वयंपाक आवडेना झाला." मग मला कपाट उघडायला लावलं आणि मासक्षमणाच्या वेळी मिळालेली शाल काढली. चाळीस वर्षं डांबरगोळीत ठेवलेली. माझ्या खांद्यावर टाकून बघितली. म्हणाल्या, "माझ्या घरात माझ्यानंतर कोणी नाही असं मला वाटत होतं."

मी सांगायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण मी नुसती शालीची टोकं सारखी करत राहिले.

सगळ्या गेल्या. बा संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला बसल्या. मी स्टुलावर चढले. मूग विचारलं नाही, काही विचारलं नाही. तिथेच उभी राहून, अंधारात, तुझे वेफर मूठमूठ खाल्ले. पिशवी संपली तेव्हा खिडकीकडे लक्ष गेलं. समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. सूर्य मावळून केव्हाचा गेला होता.

सरयू, मी सूर्यास्तानंतर खाल्लं. पोटात दुखलं ते सोड, दुखायलाच हवं होतं. पण लहानपणापासून जे कधी मोडलं नाही, तापात मोडलं नाही, बाळंतपणात मोडलं नाही, ते केळ्याच्या वेफरसाठी मोडलं. आणि त्याच वेळी माझ्या खांद्यावर बांची शाल.

तुझा दोष नाही. वेफरचाही नाही. मी हे आता संपवणार आहे. बग्गीत बसले तर वर्षभर त्या खोट्याला सांभाळायला खात राहीन, हे मला कळून चुकलंय.

कुंज


सुरत, ५ सप्टेंबर

सरयूबेन,

फोनवर तू इतकी रडलीस की मला काही सांगताच आलं नाही. आधी रडलीस, मग मला वेडी म्हणालीस, मग पुन्हा रडलीस. बिल तुझं, म्हणून मीही ऐकून घेतलं. पण रडण्यात झालेलं सगळं राहून गेलं, ते आता क्रमाने ऐक.

पहिल्यांदा मी मृदुलाबेनच्या घरी गेले. दार लावून घ्यायला सांगितलं आणि सरळ म्हटलं, "माझं तप नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. कमी खाते कारण आत जागा नाही."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि माझे पाय धरायला लागल्या! म्हणाल्या, "तप लपवायला माणूस इतकं करेल? स्वतःवर ऑपरेशनचा आळ घ्याल? धन्य!"

आता बोल. खरं सांगायला गेले आणि आगीतून फुफाट्यात पडले.

घरी पोचायच्या आत त्यांचा फोन बांना. बा हसत होत्या, दात नसलेलं तोंड भरून. "ऐकलं मी. म्हणे ऑपरेशन! अगं, मलाही सांगणार नाहीस?"

मी बांना आतल्या खोलीत नेलं. साडी सरकवून पोटावरचे व्रण दाखवले. बांनी चष्मा लावला, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर खड्यांचं." माझंच खोटं माझ्या आड उभं राहिलं बघ. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मग मी स्टूल आणलं. माळ्यावरून डबे उतरवले. चवाणूचा, चिक्कीचा, मागे दडवलेला गोड शेवेचा, आणि तुझ्या वेफरची रिकामी पिशवी. सगळं बांच्या पलंगावर मांडलं. म्हटलं, "बा, हे माझं तप. रोज चार वाजता, तुम्ही झोपल्यावर. आणि मृदुलाबेन आल्या होत्या त्या दिवशी सूर्य मावळल्यावर खाल्लं. तुमची शाल अंगावर होती."

बांचं हसू गेलं. ऑपरेशन त्यांना खोटं वाटलं होतं, पण असलं पाप माणूस उगाच स्वतःवर घेत नाही, हे त्यांना पटलं. एकेका डब्याचं झाकण उघडून त्यांनी आत बघितलं. शाल ओढून घेतली, घडी घातली, कपाटात ठेवली. कपाट लावलं तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

दोन दिवस अबोला. जेवण वाढलं की जेवायच्या, ताटाकडे बघून. मी दोन दिवस चार वाजता काहीसुद्धा खाल्लं नाही. मूगही विचारले नाहीत. खायची इच्छाच मेली होती.

आज सकाळी बा काठी घेऊन दारात उभ्या. "चल."

"कुठे?"

"मृदुलाकडे."

मृदुलाबेनच्या दिवाणखान्यात पाच-सहा जणी तपस्व्यांसाठीची सांजीची गाणी बसवत होत्या. बा आत शिरल्या आणि बसल्याही नाहीत. "माझ्या सुनेचं नाव काढ."

"पण बा, गुप्त तप..."

"गुप्त तप काय असतं ते मला शिकवतेस? हिने पोट कापून घेतलंय. आणि सूर्य मावळल्यावर वेफर खाते."

सगळ्यांसमोर! धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. पण सांगते तुला, त्यानंतर मला इतकं हलकं वाटलं, इतकं काट्यावर कधी वाटलं नव्हतं. निघताना मृदुलाबेन लिफ्टपर्यंत आल्या. मला वाटलं आता ऐकवणार. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरचं नाव देता? माझ्या भाचीसाठी हवंय." त्यांना भाची नाही, सरयू. मी नाव दिलं.

परतताना रिक्षात बा पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, प्रायश्चित्त सांगतील.

"कापलं तेव्हा फार दुखलं का गं?"

वर्ष उलटून गेलं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण? ज्या दोघांना माहीत होतं त्यांना सुचलं नाही, बाकी कोणाला सांगितलंच नव्हतं. मी रिक्षावाल्यासमोर रडले. बांनी माझा हात धरला नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. एवढंच म्हणाल्या, "पोट डॉक्टरने लहान केलं, त्यात तुझं काही नाही. डब्याकडे गेलेला हात परत आणशील तेवढं तुझं. आणि त्याला बँड लागत नाही."

कुंज


सुरत, ८ सप्टेंबर

सरयूबेन,

मिच्छामि दुक्कडम्. फोनवर म्हटलं, तरी कागदावर पुन्हा म्हणते. शब्दाने, मनाने, आणि न्हाणीघराचं दार लावून तुला दुखवलं असेन, तर क्षमा कर. तुझ्या शपथेची मी पण तुला क्षमा करते. हिशेब चुकता.

वरघोडा आज दुपारी निघाला. मी बग्गीत नव्हते, रस्त्याच्या कडेला उभी होते. सोळा उपवासवाली ती मुलगी इतकी सुंदर दिसत होती की मी मनापासून हात जोडले. बायकांनी माझ्याकडे बघून कुजबुज केली. काही हसल्या. एकीने मुद्दाम विचारलं, "सुखसाता, कुंजबेन?" मी म्हटलं, "पोटाला साता आहे, जिभेला नाही."

दुपारचं खरं सांगू? गेल्या तीन दिवसांत एकदा हात डब्यात गेला. एकदा. डबे आता बांच्या पलंगाखाली आहेत आणि बा चार वाजता झोपत नाहीत. त्या माळ जपतात आणि मला समोर बसवून स्तवन म्हणायला लावतात. माझा आवाज तुला माहीत आहे. त्यांनाही हे तपच आहे. ख्यातीला सांगितलं तर ती म्हणाली, "कागदावर लिहून घेऊ का हा उपाय?"

बांनी ह्या वयात पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाचा, संवत्सरीचा उपवास केला. आज सकाळी पारणं होतं, संघाच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांचं एकत्र. पहिला चमचा मुगाचं पाणी मी भरवलं. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. माझ्या ताटात थोडेसे मूग आणि एक खाखरा. वाढणाऱ्या बायका फिरत होत्या आणि आपल्याकडे वाढतात ते तुला माहीत आहेच. शिऱ्याचं भांडं घेऊन एक जण माझ्यापुढे वाकली. "कुंजबेन, आता तर सगळं उघड झालं, आता कसलं तप! बांच्या पारण्याचा शिरा, माझ्या गळ्याची शपथ!" चमचा तुपाने चमकत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नाही कसं म्हणू, आणि हो कसं म्हणू, अशी मी बसले.

तेवढ्यात बांनी डावा हात माझ्या ताटावर आडवा धरला.

"शपथ घरी जाऊन घाल," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणते. पुढे जा."

ती गेली. दुसरी आली, तीही गेली. सरयू, लग्न होऊन आले त्या दिवसापासून ज्या हाताने मला 'अजून घे' म्हणून वाढलं, तो हात होता तो. सुरकुतलेला. उजव्या हाताने त्या आपलं मुगाचं पाणी पीत होत्या आणि डावा माझ्या ताटावर होता. मी घास घ्यायला बोटं नेली की तो जरा वर उचलायचा, आणि मग परत खाली. माझं जेवण होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

तुझी कुंजभाभी